श्रोणी, स्नायू आणि सुईण : शारीरज्ञानाच्या मराठी परंपरेचा एक मागोवा

प्रस्तावना

मानवी श्रोणी हा शरीरशास्त्राचा नित्याचा विषय आहे. इतिहासाचा विषय म्हणून मात्र त्याच्याकडे सहसा पाहिले जात नाही. वस्तुतः देहातील क्वचितच एखादा भाग समाजाच्या इतिहासाशी इतका निगडित असेल. बसताना देहाचा भार पेलणारी, चालताना तो पायांकडे सोपविणारी आणि प्रसूतीच्या वेळी जन्माची वाट होणारी ही हाडे कोणी पाहावीत, कोणी चाचपावीत आणि त्यांच्याविषयी कोणत्या भाषेत बोलावे, हे प्रश्न केवळ वैद्यकाने सोडविलेले नाहीत. जात, सोवळेओवळे, पडदा, राजभाषा या सर्वांनी त्यांची उत्तरे ठरविली आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी मुलखात श्रोणीचे ज्ञान कधी नव्हतेच असे नाही. ते तीन ठिकाणी वाटले गेलेले होते. ग्रंथातील ज्ञान वैद्याकडे, हाताचे ज्ञान सुईणीकडे आणि एकोणिसाव्या शतकापासून शवविच्छेदनाचे ज्ञान डॉक्टरकडे राहिले. या तिघांची एकमेकांशी गाठ पडली ती अगदी थोड्या ठिकाणी, आणि तिघांची भाषाही एक राहिली नाही. या ताटातुटीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे ‘स्नायू’ हा शब्द होय.

श्रोणीची रचना

इतिहासाकडे वळण्यापूर्वी रचनेचा अल्प परिचय आवश्यक आहे. प्रौढ माणसाची श्रोणी चार हाडांची असते : दोन बाजूंची दोन नितंबास्थी, मागील बाजूस त्रिकास्थी आणि त्याच्या टोकाला अनुत्रिकास्थी, म्हणजे आपले माकडहाड. प्रत्येक नितंबास्थी मुळात तीन भागांचे असते. वरचे पसरट श्रोणिफलक, ज्यावर आपण बसतो ते आसनास्थी आणि पुढील बाजूचे जघनास्थी हे तीन भाग बालपणी वेगवेगळे असतात व किशोरवयात मांडीच्या खोबणीपाशी एकजीव होतात. त्रिकास्थी हेही पाच मणके सांधून झालेले एकच हाड असते.

परंतु नुसती हाडे म्हणजे श्रोणी नव्हे. त्रिकास्थी दोन श्रोणिफलकांच्या मध्ये पाचरीसारखे बसलेले असते, पण ही पाचर पुढच्या बाजूला अधिक रुंद आणि मागे अरुंद असते. त्यामुळे वरच्या धडाचा भार तिला पुढे व खाली, श्रोणीच्या पोकळीत ढकलू पाहतो. तिला सावरून धरतात ते मागील बाजूचे जाड, आखूड बंध. भार जितका वाढेल तितके ते ताणले जातात आणि दोन्ही फलकांना आत ओढून पाचर अधिक घट्ट धरतात. त्रिकास्थीपासून आसनास्थीकडे जाणारे आणखी दोन बंध त्रिकास्थीचे खालचे टोक मागे उचलले जाऊ देत नाहीत. सारांश, श्रोणीची बळकटी हाडांत जितकी आहे, तितकीच, किंबहुना अधिक, बंधांत आहे. गर्भारपणी हेच बंध काहीसे सैलावतात. फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली गिनीपिग या प्राण्यावर केलेल्या प्रयोगांतून जघनसंधीचे बंध सैल करणाऱ्या द्रव्याचा, रिलॅक्सिनचा, प्रथम माग काढला.

सुश्रुताची पाच हाडे आणि त्याची नाव

भारतीय परंपरेत या विषयाचा आधारग्रंथ सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान हा होय. त्याच्या पाचव्या अध्यायात वेदवादी तीनशे साठ हाडे सांगतात, शल्यतंत्रात मात्र ती तीनशेच, असा मतभेद प्रारंभीच नमूद केलेला आहे. त्यांपैकी श्रोणीत पाच हाडे : गुद, भग आणि दोन नितंब या ठिकाणी मिळून चार आणि पाचवे त्रिकाचे. आजच्या चारांशी ही संख्या जुळत नाही. पुढील जघनभाग सुश्रुताने स्वतंत्र हाड धरला असावा, असे मानले की हिशेब बराचसा लागतो. रुडॉल्फ हर्नले यांनी १९०७ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलेल्या प्राचीन भारतीय अस्थिविज्ञानावरील ग्रंथात या गणनेची बारकाईने छाननी केली आहे आणि पाठभेदांमुळे कोठे घोटाळा झाला असावा याचीही चर्चा केली आहे. हर्नले यांचे सर्व निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. पण प्राचीनांना सर्वच ठाऊक होते किंवा काहीच ठाऊक नव्हते, या दोन टोकांच्या भूमिकांपेक्षा त्यांची रीत निश्चितच अधिक उपयुक्त आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते सांध्यांचे व स्नायूंचे विवेचन. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार मानले आणि त्यांना घरातील, ओळखीच्या वस्तूंची नावे दिली. काख आणि जांघ येथील सांधे ‘उलूखल’, म्हणजे उखळ. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत फिरतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला या नावापेक्षा चांगले नाव सुचणार नाही. गुद, भग व नितंब येथील सांधे ‘समुद्ग’, म्हणजे झाकणाची डबी. हातपाय, हनुवटी आणि कंबर येथील सांधे हालणारे, बाकीचे स्थिर, असेही त्याने सांगितले.

स्नायू नऊशे असून सांधे त्यांनीच बांधलेले असतात, हे सांगताना त्याने नावेचा दृष्टान्त दिला आहे. फळ्यांची नाव अनेक बंधांनी आवळलेली असली म्हणजे ती पाण्यात माणसांचा भार वाहू शकते, त्याचप्रमाणे स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे देह भार सोसतो, असा त्याचा आशय. वर वर्णन केलेल्या त्रिकास्थीच्या पाचरीला हा दृष्टान्त तंतोतंत लागू पडतो.

हे ज्ञान त्याला कसे मिळाले, याचेही उत्तर त्याच अध्यायात आहे. फार वृद्ध नसलेल्या, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचे सर्वांगपूर्ण शव घ्यावे, आतड्यांतील मळ काढावा, मुंज, कुश अशा गवतांनी ते गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावे आणि सात रात्रींनंतर वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हलके घासत त्वचेपासून एकेक थर पाहावा, अशी ती रीत आहे. शस्त्राने चिरण्याऐवजी कुजवून उलगडण्याच्या या रीतीत मऊ अवयव लवकर नाहीसे होत असले पाहिजेत. सर्वांत शेवटपर्यंत टिकतात ती हाडे आणि त्यांना धरून ठेवणारे चिवट बंध. सुश्रुताचे मेंदू वा हृदय यांचे वर्णन त्रोटक आणि हाडे, सांधे व स्नायू यांचे मात्र इतके भरघोस का, याचे एक कारण या रीतीतच असावे असे मला वाटते.

प्रसूतीच्या बाबतीत मात्र त्याची मर्यादा दिसते. निदानस्थानात अडलेल्या गर्भाच्या चार अवस्था त्याने सांगितल्या; आडवे आलेले मूल तो ‘परिघ’, म्हणजे दाराचा अडसर, या नावाने ओळखतो. सर्व भर गर्भाच्या स्थितीवर आहे. दाराची चौकटच अरुंद असेल तर काय, हा प्रश्न मोजमापाच्या रूपाने पुढे आला तो युरोपात. १५४३ साली व्हेसालियसने श्रोणीची हाडे नेमकेपणाने चितारली. १७०१ मध्ये डेव्हेंटरने आणि १७५२ मध्ये विल्यम स्मेली याने श्रोणीच्या आकाराचा प्रसूतीशी असलेला संबंध दाखविला. प्रवेशद्वार आडवे सुमारे १३ सेंटिमीटर आणि पुढून मागे सुमारे ११ सेंटिमीटर, तर बाहेरच्या द्वाराची लांबी पुढून मागे अधिक. म्हणून मुलाचे डोके वाटेत वळावे लागते. हे गणित परंपरागत वैद्यकात नव्हते आणि ते तेथे होते असे भासविण्याने परंपरेचा गौरव होत नाही.

शब्दाचे स्थलांतर

सुश्रुताच्या लेखी स्नायू म्हणजे बांधणारा तंतू. त्यात आजच्या अस्थिबंधांचा आणि कंडरांचा समावेश होतो. मांसल भागासाठी त्याचा शब्द ‘पेशी’ असा आहे. त्या त्याने पाचशे मोजल्या आणि स्त्रियांत वीस अधिक सांगितल्या. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस आणि पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा सजीवाचा मूलघटक. दोन्ही शब्द आपापल्या घरातून निघून शेजारच्या घरात राहावयास गेले आहेत. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. म्हणजे एकच संस्कृत शब्द संहितेत बंध, मराठीत मांस आणि बंगालीत मज्जातंतू.

शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात वावगे काही नाही. पण येथे झालेली हानी विशेष आहे. स्नायू मांसाकडे गेल्यावर बंधाला मराठीत रूढ नाव उरले नाही. ‘अस्थिबंध’ हा शब्द परिभाषेत घडविला गेला, तो चांगला आहे, तथापि तो पुस्तकाबाहेर पडला नाही. क्रिकेटपटूचे ‘लिगामेंट’ फाटल्याचे वृत्त मराठी वृत्तपत्रे बिनदिक्कत देतात, यावरून त्याची गरज कोणी कशी भागविली हे दिसते. शिवाय सुश्रुताचे मराठी वाचन करणारा सामान्य वाचक नऊशे स्नायू म्हणजे नऊशे मांसपिंड समजतो आणि नावेचा तो सुंदर दृष्टान्त त्याच्या हातून निसटतो.

मुंबईचे विच्छेदनगृह

इंग्रजी अमदानीत शारीरज्ञानाचा तिसरा प्रवाह सुरू झाला. मुंबईत १८२६ साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, लिस्बोआ प्रभृतींची पहिली तुकडी बाहेर पडली. शवाला स्पर्श करणे हा सवर्ण हिंदूंच्या दृष्टीने मोठाच अडथळा होता. तो या पिढीने ओलांडला. १८६१ मध्ये याच महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमाचा वर्ग सुरू झाला, ही घटना आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. इंग्रजी न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला आधुनिक शारीर मराठीतून शिकविता येते, हे त्या वर्गाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले होते.

परंतु विच्छेदनगृहात श्रोणीची मापे पाठ केलेला हा पदवीधर बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबत असे. पुरुष डॉक्टरला आत प्रवेश नव्हता. ज्याला माप ठाऊक त्याला देह दिसत नव्हता आणि जिच्या हाती देह होता तिला मापाचे शिक्षण कोणी देत नव्हते.

आनंदीबाईंचा प्रबंध

या कोंडीत आनंदीबाई जोशी यांचे स्थान पाहावे लागते. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. चौदा वर्षांच्या मुलीची श्रोणी अजून पुरती घडलेलीही नसते. नितंबास्थीचे तीन भाग त्या सुमारास नुकतेच सांधू लागलेले असतात. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात, आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत पोचविण्यासाठी आपण येत आहोत, असा आशय त्यांनी व्यक्त केला. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. पदवी त्यांना मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

हा विषय त्यांनी का निवडला असेल? शिक्षकांच्या देशात दुसऱ्या कोणालाही लिहिता न येण्याजोगा विषय, हे उत्तर सोपे आहे. पण संस्कृत परंपरेतील प्रसूतिविचार आणि विच्छेदनावर आधारलेले अमेरिकन शिक्षण या दोहोंना एका स्त्रीने एका टेबलावर आणण्याचा तो प्रयत्न होता, हे अधिक महत्त्वाचे. ज्ञानाच्या तीन वाटेकऱ्यांपैकी दोघे, ग्रंथ आणि विच्छेदनगृह, तेथे एकत्र आले. तिसरी, सुईण, तेथेही नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. तेथे काम सुरू झाले असते तर त्या सुईणीची व त्यांची गाठ रोजच पडली असती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

सुईणीचे हात

सुईणीने काही लिहून ठेवले नाही. मराठवाड्यात पुष्कळ गावी हे काम मांग समाजातील स्त्रियांकडे असे. प्रसूती ही विटाळाची बाब, म्हणून ती ज्या हातांनी करावयाची ते हातही गावकुसाबाहेरचे, अशी ती व्यवस्था होती. देहाच्या अत्यंत गाभ्याच्या भागाशी ज्यांचा संबंध, त्यांना ओसरीवर बसण्याची मुभा नसे. या विसंगतीवर मराठीत पहिल्यांदा कोणी बोट ठेवले असेल तर ते फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात, आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असा उल्लेख आहे. दुसऱ्यांच्या घरातील बाळंतपणे करणाऱ्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाविषयीचे हे साक्षीपत्र इतिहासकाराने कोणत्याही रुग्णालयाच्या अहवालाच्या बरोबरीने वाचले पाहिजे.

फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यात आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि तो, यशवंत, पुढे डॉक्टर झाला. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव, ते सातारा जिल्ह्यातील. आमच्या नांदेड जिल्ह्यातील नायगावशी त्याचे केवळ नामसाम्य आहे. व्याख्यानांतून ही गल्लत इतक्या वेळा ऐकली आहे की येथे नोंदवून ठेवणे बरे.

सुईणीचे ज्ञान लिहिलेले नसले तरी ते भाषेत उरले आहे. पायांकडून जन्मलेल्या मुलाला मराठीत ‘पायाळू’ हा स्वतंत्र शब्द आहे; आणि उसण भरलेल्या कंबरेला पायाळू माणसाने लाथ लावली की उसण जाते, ही समजूत सर्वत्र आढळते. जो कंबरेकडून जगात आला त्याने दुसऱ्याची कंबर बरी करावी, हा त्यातील तर्क. शास्त्र म्हणून त्याला काही मोल नाही, पण श्रोणी, जन्म आणि कंबरदुखी यांची सांगड लोकमानसाने घातली होती याचा तो पुरावा आहे. बाळंतिणीचे पोट व कंबर फडक्याने आवळून बांधण्याची रीतही अशीच. सैलावलेल्या बंधांना बाहेरून आधार द्यावा, ही त्यामागील जाण सुईणीला कोणी शिकविली नव्हती. दुसरीकडे अस्वच्छ हत्याराने नाळ कापणे, अडलेल्या बाईच्या पोटावर जोराने दाबणे, अशा जीवघेण्या चालीही त्याच हातांच्या होत्या. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी उभारला गेला, तो यामुळेच. मात्र त्या प्रयत्नात सुईणीला शिकवावयाचे होते. तिच्याकडून काही शिकून घेण्याचा विचार त्यात नव्हता.

श्रोणीवर समाज कसा उमटतो याचा सर्वांत स्पष्ट दाखला काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी १९२८ साली पडदापद्धतीवरील आपल्या पुस्तकात दिला. पडद्यात, उन्हावाचून वाढलेल्या स्त्रियांची हाडे मऊ पडून श्रोणी आकुंचित होते आणि प्रसूती अडते. उघड्यावर राबणाऱ्या गरीब स्त्रियांत हा दोष दिसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिष्ठेची चाल हाडात जाऊन बसते, हे इतक्या थेटपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

निजामी राज्यातील भाषा

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत १८४६ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत प्रारंभी उर्दूतून शिक्षण दिले जाई. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू ठरविले आणि भाषांतरासाठी स्वतंत्र खाते चालविले. एका भारतीय भाषेत आधुनिक शास्त्र आणण्याचा हा देशातील फार मोठा प्रयोग होय, आणि मराठवाड्यातील अभ्यासकांनी केवळ राजकीय कटुतेमुळे त्याकडे पाठ फिरवू नये. परंतु नांदेड-बिलोलीकडील मराठी मुलाच्या दृष्टीने ती भाषाही परकीच. घरी ज्याला माकडहाड म्हणावयाचे त्याला युनानी परंपरेतील अरबी संज्ञा ‘उसउस’, त्रिकास्थीला ‘अजुज’. मुंबई इलाख्यातील मराठी विद्यार्थ्याला निदान काही काळ तरी मराठी वर्ग लाभला. इकडे तीही सोय नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर उर्दूची जागा मराठीने नव्हे, तर इंग्रजीने घेतली. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, अंबाजोगाईचे १९७४ मध्ये आणि नांदेडचे १९८८ मध्ये सुरू झाले. या संस्थांनी मराठवाड्यातील बाळंतपणाचा नकाशा बदलला, यात शंका नाही. शारीराची भाषा मात्र त्यांत प्रारंभापासून इंग्रजीच राहिली.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने इतर शास्त्रांबरोबर शरीराच्या परिभाषेचाही कोश सिद्ध केला. त्यातील श्रम मोठे आहेत. अडचण अशी की, लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांना अशा परिभाषेत दुय्यम स्थान मिळते. ‘खुबा’ हा शब्द नितंबसंधीसाठी गावोगाव वापरला जातो, तो नेमका आहे, लहान आहे. तरीही शिक्षित माणूस तो उच्चारताना संकोचतो. ‘माकडहाड’ तर मूळ शेपटीच्या अवशेषाची आठवण करून देणारा, अनुत्रिकास्थीपेक्षा कितीतरी बोलका शब्द. उखळ, डबी, नाव या वस्तूंवरून नावे व दृष्टान्त घेणाऱ्या सुश्रुताला त्याचे वावडे वाटले नसते.

बंधांच्या बाबतीत मात्र लोकभाषेतही पोकळीच आहे. नायगाव परिसरातील स्त्री बाळंतपणानंतर ओटीपोटाखाली, जघनसंधीच्या जागी दुखते तेव्हा ‘शीर आखडली’ किंवा ‘नस भरली’ म्हणते. दवाखान्यातील कागदावर त्याची इंग्रजी संज्ञा लिहिली जाते, जी तिला कोणी वाचून दाखवीत नाही. आयुर्वेद महाविद्यालयात रचनाशारीर शिकणारा विद्यार्थी त्याच तंतूंना सुश्रुताच्या अर्थाने स्नायू म्हणतो. आणि तिची शाळेत जाणारी मुलगी, जिने विज्ञानाच्या पुस्तकात स्नायू म्हणजे मांस असे वाचले आहे, ती आईला सांगते की स्नायू दुखत असेल तर व्यायाम कर.